आधी डेस्कटॉप, मग योजना

७ ऑक्टोबर, सोमवार
आमचे विभागप्रमुख या महिन्यात रिटायर होतायत. त्यांची खुर्ची मला, नाहीतर शेजारच्या टेबलावरच्या पसारेबाईंना. हे नाव मीच ठेवलंय. बाईंच्या डेस्कटॉपवर फायलींची इतकी गर्दी की मागचं चित्र दिसत नाही. साहेबांनी दोघांनाही शुक्रवारच्या मीटिंगमध्ये योजना मांडायला सांगितलंय. विषय: आपल्या कंपनीच्या पंपांबद्दलच्या तक्रारी कमी कशा करायच्या. माझी योजना डोक्यात तयार आहे, फक्त उतरवायची. पण असल्या कळकट स्क्रीनसमोर माणसाला काही सुचेल का? आधी डेस्कटॉप, मग योजना.

८ ऑक्टोबर
वॉलपेपर. डोंगर लावला, उदास वाटलं. समुद्र लावला, झोप आली. शेवटी राखाडी. राखाडीतही केवढे प्रकार! ऑफिसातल्या अडाण्यांना सगळं राखाडी सारखंच. पसारेबाई दिवसभर टाईप करत होत्या. नुसती हमाली.

९ ऑक्टोबर
सगळे आयकॉन बदलले. गोल, एकरंगी, खाली नाव नाही. कुठला कशाचा हे मलाही चटकन कळत नाही, पण सवयीने येईल. बायकोने फोन करून विचारलं, योजना झाली का. म्हटलं, पूर्वतयारी चालू आहे. बाल्कनीतलं कपाट आवरायचीही वर्षभर तीच चालू होती, म्हणाली. टोमणा होता. दुर्लक्ष केलं.

संध्याकाळी
योजनेची फाईल उघडून शीर्षक लिहिलं. फॉण्ट झकास.

१० ऑक्टोबर
सफाईवाल्या मावशींनी माऊस पुसला आणि एक आयकॉन भलतीकडेच गेला. डोकंच फिरलं. मग कायमचा बंदोबस्त केला. आयकॉन पुन्हा रांगेत लावले, अख्ख्या स्क्रीनचा फोटो काढला, तोच वॉलपेपर म्हणून लावला आणि खरे आयकॉन लपवून टाकले. खालची पट्टीही लपवली. आता कोणाच्या बापाला काही हलवता येणार नाही. योजना उद्या लवकर येऊन लिहीन.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
लवकर आलो, पण मोठ्या पडद्यावर राखाडी जरा निळसर दिसत होता. तो नीट करेपर्यंत मीटिंग सुरू झाली.

पसारेबाई आधी. पडद्यावर तो उकिरडा! फाईल मात्र लगेच सापडली त्यांना. लोकांनी प्रश्न विचारले, साहेबांनी टिपून घेतलं. काहींना कशाचंही कौतुक.

मग मी. माझा डेस्कटॉप दिसताच सगळे पुढे वाकून बघू लागले. आयकॉनवर क्लिक केलं. काही नाही. पुन्हा केलं. शिपाईकाका म्हणाले, माऊसचे सेल बदलू का? तेव्हा आठवलं की आपण फोटोवर क्लिक करतोय. खरे आयकॉन परत कसे आणायचे ते काही केल्या आठवेना. साहेबांनी चहा सांगितला.

एका अर्थी बरंच झालं. शीर्षकाखाली फाईल कोरी आहे हे कोणाला कळलं नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार
पसारेबाई विभागप्रमुख. राजकारण, दुसरं काय.

दुपारी त्या स्वतः माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, शुक्रवारी तुमची योजना राहूनच गेली, तुमच्या नावानिशी माझ्या योजनेत घेते. मी काही बोलायच्या आत त्यांनी दोन-चार कळा दाबून फाईल शोधून उघडलीसुद्धा. शीर्षक वाचलं. खाली गेल्या, पुन्हा वर आल्या. मग म्हणाल्या, फॉण्ट छान आहे.

आवाजात टोमणा नव्हता. त्याचंच फार वाईट वाटलं.

जाताना म्हणाल्या, माझाही डेस्कटॉप जरा आवरून द्याल का? हो म्हणालो.

घरी बायकोने विचारलं, काय झालं. जबाबदारी वाढलीय, म्हटलं.