ओझ्याला हात

२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबतच्या खोक्यात माझ्या खेळाची दुसरी प्रत आहे. जंगलातल्या मोहिमेचा पट, चार साहेब, सोळा हमाल, दोन फासे. नदीची वळणं मी जुन्या नकाशावर दोरा ठेवून मोजलीत, तेव्हा त्यात खोट काढू नकोस. जुनी प्रवासवर्णनं बांधायला येतात, ती शिवता शिवता वाचूनच मी एवढा शिकलो. हमालाचं ओझं तीस किलो, हेही तिथलंच.

तरी खेळ उभा राहत नाही. परवा शेजारचे कंपाउंडर, त्यांची बायको आणि कोपऱ्यावरचे घड्याळजी बसले होते. जो तो आपल्या फाशापुरता. आपली पाळी येईपर्यंत कंपाउंडरीणबाईंनी पावशेर मटार सोलले! खेळण्यांचा कारखानदारही तेच म्हणाला, की चौघं एका पटाभोवती बसतात आणि एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. पंधरा तारखेला शेवटचं बघणार. नाही म्हणाला तर चार वर्षांचा हा पट कापून वह्यांना पुठ्ठे म्हणून लावीन. बूड टेकत नाही. खळीचं भांडं दोनदा वाळलं. भावोजींबरोबर खेळून बघ आणि खरं ते कळव.

तुझा
धाकटा

६ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

खेळलो. तुझे भावोजी दुसऱ्या मुक्कामावर घोरायला लागले, तेव्हा त्यांचाही साहेब मीच चालवला. चित्रं सुरेख आहेत. जळवा तर इतक्या खऱ्या, की मी पाय वर घेऊन बसले.

एक मात्र खटकलं. मुक्कामाला सगळे ओझी उतरवतात, आणि सकाळी जो तो आपलं आपण डोक्यावर घेऊन चालू लागतो. असं कसं रे? अण्णांनी तीस वर्षं गोदामात हमाली केली. पोतं टाकायला एकटा पुरतो. डोक्यावर चढवायला दुसरा लागतोच. मी डबा घेऊन जायचे तेव्हा जवळ कोणी नसलं तर अण्णा मलाच म्हणायचे, जरा हात लाव गं. दहा वर्षांची होते, एक कोपरा धरायचे. तू शाळेतल्या मित्रांबरोबर मागच्या गल्लीने जायचास, तुला कुठून माहीत असणार? रागाने नाही लिहीत. तुझ्या पुस्तकांत नसेल, म्हणून लिहिलं.

जेवत जा वेळेवर.

तुझी
ताई

१० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी चिडलो. उत्तर लिहिलं, फाडलं. मग अकरा पुस्तकं चाळली. रोज सकाळी ओझी निघतात. ती चढवली कोणी, ते एकानेही लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्यांनी कधी उचललंच नसणार.

म्हणून ट्रंकेत पुठ्ठे भरले, काट्यावर बरोबर तीस किलो केले आणि उचलायला गेलो. गुडघ्यापर्यंत आली, छातीशी आली, तिथेच अडकलो. ना वर, ना खाली. तुझी वहिनी कणकेच्या हातांनी आली, ट्रंक वर सारली आणि परत कणीक मळायला गेली.

नियम बदलला. उतरवलेलं ओझं एकट्याला उचलता येणार नाही. दुसऱ्या खेळाडूने आपली पाळी सोडून हात लावायचा. काल सगळे पुन्हा बसले. काय कल्ला! घड्याळजींनी कोणालाच हात लावला नाही, शेवटी तिसऱ्या मुक्कामावर एकटे अडकले आणि चहा न घेता उठून गेले. सकाळी दुकान उघडायच्या आधी विचारायला आले, पुन्हा कधी मांडायचा.

कंबर धरली आहे. पंधरा तारीख जवळ येते तशा खोलीतल्या माझ्या फेऱ्या वाढतायत.

तुझा
धाकटा

१७ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पंधरा उलटून दोन दिवस झाले. पोस्टमन येतो नि शेजारी जातो. आज एका ब्लाउजला डावी बाही उजवीकडे जोडली. काय झालं ते दोन ओळींत तरी कळव, नाहीतर गिऱ्हाइकांच्या शिव्या तुझ्या नावावर.

तुझी
ताई

१९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कारखानदाराने नवा नियम वाचला आणि म्हणाला, ही कटकट काढा, एकटा माणूस तीस किलो उचलत नाही होय? मला ठाऊकच होतं. ट्रंक घेऊनच गेलो होतो. रखवालदाराने हात लावला आणि मी डोक्यावरून आत नेली. ती त्याच्या टेबलासमोर ठेवली आणि म्हटलं, उचला. तो बाह्या सारून उठला. छातीशी आल्यावर लाल झाला, इकडेतिकडे बघितलं आणि मलाच म्हणाला, हात लावा की हो!

घाम पुसत त्याने विचारलं, हे कुठल्या पुस्तकात मिळालं. पाच पुस्तकांची नावं माझ्या जिभेवर होती. म्हटलं, पुस्तकात नाही. माझे वडील गोदामात हमाल होते, बहीण त्यांना हात लावायची. ताई, हे मी परक्यासमोर पहिल्यांदा बोललो. पत्राला उशीर झाला तो त्यामुळे.

खेळ घेतला त्याने, नियमासकट. निघताना पायरीपर्यंत आला आणि ट्रंक चढवायला हात लावला.

काम झालं, तरी बूड टेकत नाही. मागच्या गल्लीतून गोदामाची नुसती भिंत दिसायची. आत कसं होतं गं? अण्णा पोती कुठे उतरवायचे, डबा कुठे बसून खायचे? मला नीट मोजून-मापून लिही. आणि तू कुठला कोपरा धरायचीस तेही.

लोभ आहे तो तसाच धरून ठेव.

तुझा
धाकटा