मांडवाच्या बल्ल्या

ऊर्जानगर

तीर्थरूप बाबाले दिव्यानीचा नमस्कार.

मी इथी मजेत आहो. मेसच्या भाजीत तिखट नाई, तेवढंच दुःख. मायचा गुडघा कसा आहे? निकेशदादाच्या लग्नाचे कपडे आणले काय?

नव्या खोलीच्या स्लॅबची काळजी करू नका. माह्या हट्टानं वीजघराची राख सिमेंटात टाकली म्हणून गाव हसत असन, त हसू द्या. लोकांच्या वावरात उडण्यापेक्षा ते आपल्या छतात बरी. तसाच माल साच्यात भरून मी इथी लॅबमध्ये ठोकळा केला होता. काल मशीनमध्ये दाबला, त जरा लवकर फुटला. साहेब म्हणले, "घाबरू नको, राखेचा माल उशिरा पक्का होते." म्हणजे चांगलाच आहे.

फक्त तराई सोडू नका, सकाळ-संध्याकाळ पाणी टाका.

अन् बाबा, मांडवाले लाकडी बल्ल्या कुठून आणसान? स्लॅबले खालून टेकू दिलेल्या बल्ल्या चांगल्या सरळ आहेत, हे मले मालूम आहे अन् तुमालेबी. माल पक्का होईपर्यंत त्याले हात लावू नका. मांडव बांबूचा केला तरी चालन.

कालपासून फोन लावून राह्यली, पण गावातला टावर बंद दिसते. म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरजवळ देऊन राह्यली. ते पोचेपर्यंत मांडव उभा झाला असन काय?

झाला असन, त मी रागावणार नाई. पण पाहुण्यायले त्या खोलीत उतरवू नका. मायले घेऊन सगळे मांडवाखालीच झोपा.

तुमची पोरगी,
दिव्यानी