एक्केचाळिसावी फाईल

३ फेब्रुवारी, मंगळवार

मशीनला आवाजच नाही! ऑफिसनं जुना म्हणून दिलेला कॉम्प्युटर आठ महिने घरात आहे, आणि तो मुका आहे हे मला आज कळलं. टायपिंगला आवाज कशाला लागतो? आता लागणार आहे. चौदा दिवसांच्या आत.

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं जागेवर राहील. बाबांच्या घशाचं ऑपरेशन सतरा तारखेला. गाठ आहे, म्हणून स्वरयंत्रच काढणार. "काही हवं असलं की पाटीवर लिहून दाखवायचं," डॉक्टर म्हणाले. बाबांनी मान डोलावली. मीही डोलावली! जिना उतरताना बाबा म्हणाले, "मास्तरीणबाई, पाटीवर मी काय काढू? फळ्या?"

बाबा लाकडाच्या वखारीत आहेत. ओंडका उचलताना हाक देतात, त्या हाकेवर आठ जण एकदम खांदा देतात. तिथे त्यांना भोंगा म्हणतात. त्यांना आकडे कळतात, अक्षरं नाहीत. आईलाही नाहीत. घरात वाचणारी मी एकटी. ऑपरेशनच्या संमतीचा कागदही मीच मोठ्यानं वाचला आणि बाबांनी अंगठा दिला. त्याबद्दल आज नको.

ठरलं ते असं – बाबांच्या आवाजात चाळीस शब्द भरून ठेवायचे. स्क्रीनवर चाळीस चित्रं. तांब्यावर माऊस दाबला की "पाणी". उशीवर दाबला की "पाठ दुखते". त्यासाठी साऊंड कार्ड हवं.

४ फेब्रुवारी

दुकानदारानं तीन कार्डं मांडली. मी सगळ्यात स्वस्त उचललं.

"मॅडम, खरखर येईल हं ह्यात."

"बोललेलं कळेल ना?"

"बोललेलं कळेल. न बोललेलंही कळेल!" आणि स्वतःच हसला. मला हसू आलं नाही. पावती दोनदा तपासली.

५ फेब्रुवारी

बसवलं! स्वतः! डाव्या बाजूचा पत्रा काढला. आत बोटभर धूळ. आधी लोखंडाला हात लावला, अंगातली वीज जाते म्हणतात. मागची पट्टी काढली, कार्ड खाचेत दाबलं. जाईना. अजून दाबलं, तर कट्ट! मोडलं असं वाटून रडूच फुटलं. मोडलं नव्हतं, बसलं होतं. सीडी घालून सुरू केलं. माईक गुलाबी भोकात, स्पीकर हिरव्या. आई लांबूनच म्हणाली, "शॉक लागला तर मला हाक मारू नकोस, मी येणार नाही."

७ फेब्रुवारी, शनिवार

दुपारभर रेकॉर्डिंग. मी "बोला, बाबा" म्हणायचं आणि बाबांनी शब्द म्हणायचा. पहिल्या दहा फायली वाया गेल्या, बाबा वखारीत असल्यासारखे ओरडत होते. खालच्या मजल्यावरून काठीनं छत ठोकलं कुणीतरी.

आई म्हणाली, "माझ्यावर ओरडायचं एक भरून ठेव. नाहीतर मला करमायचं नाही."

बाबा म्हणाले, "एक पुरेल का?"

चाळीस झाल्या. यादीशी ताडून पाहिल्या. बरोबर चाळीस.

८ फेब्रुवारी

एक्केचाळीस आहेत.

शेवटची मी भरलेली नाही. त्यात कुणीतरी श्वास घेतो आणि घसा साफ करतो. बाबांचाच घसा, मी ओळखते. माईक चुकून चालू राहिला असेल. पुसून टाकली.

९ फेब्रुवारी

पुन्हा आहे. वेळ आजची, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. तेव्हा मी ऑफिसात होते आणि मशीनची वायर भिंतीतून काढलेली होती, मी स्वतः काढून गेले होते. आईला विचारलं. "मी कशाला हात लावू? तुझे बाबा दवाखान्यात तपासणीला, मी त्यांच्याबरोबर."

ह्या वेळी श्वास, घसा आणि कागद उलगडल्याचा आवाज. पुसली.

१० फेब्रुवारी

सकाळीच मशीनमधून काढलेलं कार्ड घेऊन ऑफिसातून थेट दुकानात. दुकानदारानं कार्ड लावून पाहिलं, पुसलं, परत दिलं. "मॅडम, कार्ड बरं आहे. त्याला जे ऐकू येतं ते सांगतं. मनचं काही बोलत नाही."

घरी येऊन दुसऱ्या खाचेत बसवलं. फाईल होतीच.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज शब्द होते.

"रु – ग्णा – स. प – र्या – यी." बाबांच्या आवाजात. पहिलीतलं मूल ओळीखाली बोट धरून वाचतं तसं. मी दाराकडे पाहिलं. बाबा स्वयंपाकघरात स्टुलावर बसून नखं कापत होते. ते काही बोलत नव्हते. बाबांना वाचता येत नाही!

१२ फेब्रुवारी

पुसली. पाचव्यांदा.

१३ फेब्रुवारी

लिहिते. इथे तरी लिहिते.

संमतीच्या कागदाच्या दुसऱ्या पानावर एक परिच्छेद आहे. 'रुग्णास पर्यायी उपचारांची माहिती देण्यात आली आहे.' त्याखाली तो उपचार – किरण द्यायचे, बहुधा आवाज राहील, पण गाठ परत येण्याची शक्यता जास्त. मी तो वाचला नाही. डोळ्यांनी वाचला, तोंडानं गाळला. आवाज जराही अडखळला नाही माझा. पुढची ओळ घेतली, बाबांनी शाईत अंगठा बुडवला.

डॉक्टरांनी मला एकटीला आधीच सांगितलं होतं की ऑपरेशन जास्त खात्रीचं. आणि मी बाबांना ओळखते. तो परिच्छेद ऐकला असता तर त्यांनी आवाजच ठेवला असता. मला ते हवे आहेत, मुके तर मुके. ह्यात चूक काय आहे?

दुकानात सुटे पाच रुपये जास्त आले तर मी परत करून येते. आणि हे केलं!

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज आवाज अडखळत नाही. तीन दिवसांत पहिलीतून दहावीत गेला. परिच्छेद स्वच्छ वाचतो, स्वल्पविरामाला थांबतो. फक्त शेवटचं वाक्य घेत नाही. 'रुग्णाने स्वतः विचार करून' इथे थांबतो, आणि पुढे नुसता श्वास, पाच मिनिटं. वाट पाहणाऱ्या माणसाचा.

आज पुसली नाही. पुसायला धजले नाही.

१५ फेब्रुवारी

वाचून दाखवला. सकाळी, आईसमोर, कागदाची प्रत हातात धरून. शेवटच्या वाक्यासकट. 'रुग्णाने स्वतः विचार करून निर्णय घेतला आहे.'

बाबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "परत वाच." परत वाचला.

"त्या दिवशी हे होतं कागदावर?"

"हो."

"मास्तरीण ओळ गाळते?"

मी रडायला लागले. आई म्हणाली, "अहो, पोरीनं तुमच्याचसाठी –"

"तू थांब." ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "उद्या डॉक्टरकडे जायचं. ते सांगतील ते सगळं मला वाचून दाखवायचं. फुल्या, टिंबं, सगळं. मग मी बघतो."

फायलीबद्दल त्यांना सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांनी बाबांना अर्धा तास समजावलं. नंतर मला, "तुम्ही शिकलेल्या ना?"

बाबांनी ऑपरेशन नाकारलं. किरण घेणार. "गाठ परत आली तर तेव्हाचं तेव्हा," म्हणाले. "तोवर बोलू." नव्या कागदावर अंगठा. आधी तीनदा वाचून घेतला माझ्याकडून.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

किरणांचा पहिला दिवस झाला. आल्यावर मशीन लावलं. एक्केचाळिसावी नाही. बरं वाटलं. म्हणून बाकीच्या ऐकायला घेतल्या. पुढे कधीतरी एवढंच उरणार आहे माझ्याकडे.

चाळीसही लावल्या. प्रत्येकीत माझा आवाज, "बोला, बाबा", आणि मग काही नाही. खरखरसुद्धा नाही. बाबांना बसवून पुन्हा एक भरली. माझं "बोला, बाबा" उमटलं. त्यांचं नाही.

आतून बाबांनी हाक मारली. मी मुद्दाम ओ दिली नाही. त्यांनी पुन्हा मारली.