घरात मिळून एक ईमेल

४ नोव्हेंबर
"तू कुठंही जा, मी तुला शोधून काढीन." लग्नाच्या वर्षी जत्रेत हरवले होते, तेव्हा कैलास असं म्हणाला होता. किती बरं वाटलं होतं मला! आज बावीस वर्षांनी, पिशवी घेऊन एकटी कामशेत स्टेशनवर उतरले आणि ते आठवलं. हसू आलं. नवा फोन, नवं सिम, लोकेशन बंद. शोध म्हणावं.

झुंबरबाईंच्या घराची मागची खोली भाड्यानं मिळाली. खिडकीतून भाताची कापणी दिसते, पेंढ्याचा ओलसर वास येतो. सगळे त्यांना मावशीच म्हणतात. मावशींनी आल्या आल्या गरम भाकरी पुढं केली. म्हणाल्या, "दोन घास जास्त खा गं. हितं वारं लय, उडून जाशील."

६ नोव्हेंबर
भाताच्या गिरणीत काम लागलं. तांदळाच्या पिशव्यांची तोंडं शिवायची. शेजारी वडगावची तेजल बसते. ती बोलायला लागली की मशीनचा आवाज ऐकू येत नाही. मला 'नको ताई' म्हणून चिडवते, कारण फोननं काहीही विचारलं की मी 'नको' दाबते. दुकानात बिलासाठी नंबर मागतात, तोही देत नाही. फक्त आईचे फोटो हवे होते, म्हणून ईमेल तेवढा जुना घातला.

९ नोव्हेंबर
दाढ ठणकतेय. कैलासनं मारल्यापासून ती हलते. फोनवर कामशेतमधले दातांचे डॉक्टर शोधून ठेवले. मधेच सारखी एक जाहिरात येते: डाव्या गुडघ्याचा पट्टा, मोठं माप. माझे गुडघे तर ठीक आहेत.

११ नोव्हेंबर
पुन्हा तो पट्टा. त्याखाली मिशांना लावायचा काळा रंग.
डावा गुडघा कैलासचा दुखतो. मिशाही तोच रंगवतो.

१२ नोव्हेंबर
जेवणाच्या सुट्टीत तेजलला दाखवलं. तिनं कपाळावर हात मारला. "अहो नको ताई, फोन बदललात, पण खातं तेच की!"

आमच्या बार्शीच्या मोबाईलवाल्यानं सगळ्या घराला मिळून एकच ईमेल काढून दिला होता. कैलासच्या फोनवर तोच, टीव्हीवर तोच. मला वाटायचं, ईमेल म्हणजे घराच्या पत्त्यासारखा, एकच असतो. तेजल म्हणाली, त्यांनी तिकडं काही शोधलं की जाहिरात तुम्हाला, तुम्ही शोधलंत की त्यांना.

मी दाढेचा डॉक्टर शोधला होता. कामशेतमधला.

१३ नोव्हेंबर
सकाळची जाहिरात: बार्शी ते पुणे, बसची तिकिटं.
दुपारी: लोणावळ्यातले स्वस्त लॉज.
घाबरायला हवं. हात पिशव्या शिवतायत. एकही टाका चुकला नाही.

१४ नोव्हेंबर
कामशेत, एका दिवसासाठी भाड्यानं गाडी.
कुलपं उघडून देणारे.
तेजलनं फोनमधून ते खातं काढून टाकलं. आईचे फोटोही गेले. आता साड्यांच्या जाहिराती येतात, कुणालाही येतील अशा. तेजल खूश. म्हणाली, आता त्यांना तुमचं काही कळायचं नाही.
मलाही त्याचं काही कळत नाही. तो कुठवर आला —

संध्याकाळ. मावशींनी आज भाचीची, अनिताची, समजूत घातली आणि तिला सासरी परत धाडलं. "दादला न्यायला आल्यावर दार लावून बसत्यात व्हय?" असं म्हणत होत्या. अनिता गेली. मान खाली घालून.

१५ नोव्हेंबर
कामावर गेले नाही. पाच वाजता तेजल येणार, दोघी वडगावला पोलीस ठाण्यात जाणार.

अकरा. बांधावर गाडी —
पुढच्या दारात मावशींशी कुणी बोलतंय. गोड बोलतंय. कैलासच.
मागं दार नाही या खोलीला. खिडकीला गज.

मावशी पाण्याचा तांब्या भरायला आत आल्यात. बोलले तर बाहेर ऐकू जाईल. त्यांना वाचता येतं. हे पान फाडून देते —

मावशी, त्याला सांगा, अनघा नावाची बाई इथं राहत नाही. एवढं एकच खोटं. तुम्ही तेही बोलणार नाही, अनिताला धाडलंत तेव्हाच कळलं मला. पण पाच वाजेपर्यंत तरी, मावशी, नुसतं