गेटसमोरच्या हॉटेलातली रविवारची पाळी

आप्पा, काल संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या बाकावर तुमच्यावर टीका झाली. तुमचं नाव कुणी घेतलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की रावेतच्या या इमारतीत तुम्हाला ओळखणारं माझ्याशिवाय कुणी नाही. टीका झाली ती तळमजल्यावरच्या एका तरुण जोडप्यावर. त्या मुलाला चाकणच्या कंपनीनं दोन महिन्यांपूर्वी घरी बसवलंय, आणि रविवारी ते दोघं लेकीला घेऊन हॉटेलात जेवून आले. बाईच्या हातात कपड्यांच्या दुकानाची पिशवीही होती. तेवढं पुरलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई, ज्यांच्या मुलाचा पगार आजवर एकदाही चुकलेला नाही, म्हणाल्या, "नोकरी गेली तरी यांची हॉटेलं सुटत नाहीत. मग रडायचं कशाला?" बाकीच्या बायकांनी री ओढली. मी काय केलं ते शेवटी सांगते. घरी येऊन पेपर उघडला तर पहिल्या पानावर बाजार ओस पडल्याची रड, लोक खरेदी करत नाहीत म्हणून मंदी हटत नाही असं कुणा शहाण्याचं म्हणणं. आणि आतल्या पानावर अडचणीच्या काळात काटकसर कशी करावी याचे धडे. म्हणजे हातावर पोट असलेल्या माणसानं खर्च केला तर तो उधळ्या, आणि नाही केला तर देश बुडवणारा. पेपर मिटला आणि तुम्हाला लिहायला बसले, कारण या विषयातलं खरं काम केलेला एकच माणूस मला माहीत आहे.

स्वातंत्र्य मिळून अजून दहा वर्षंही झाली नव्हती. चिंचवडात तेव्हा कारखाने बोटांवर मोजण्याइतके, मधे सगळी ज्वारीची रानं, आणि आपल्या चाळीच्या मागे ओढा. तुम्ही मशीन शॉपमध्ये चार्जमन. तुमच्या हाताखाली तीस-पस्तीस माणसं, आणि कोण कुठल्या पाळीला हे ठरवून दर शनिवारी फळ्यावर खडूनं लिहायचं काम तुमचं. अक्षर काय सुंदर होतं तुमचं. गावच्या शाळेत चार यत्ता शिकलेल्या माणसाचं अक्षर ते, माझ्या कॉन्व्हेंटमधल्या एकाही सिस्टरचं तसं नव्हतं. मग ऑर्डरी तुटल्या. आधी दुसरी पाळी बंद झाली, मग पहिलीतलीही निम्मी माणसं बसवली, शेवटी तुम्हालाही. अर्धा पगार मिळणार, पण त्यासाठी रोज सकाळी गेटवर येऊन हजेरी लावायची आणि परत फिरायचं. मला तो अपमान अजून जसाच्या तसा दिसतो. धुतलेली खाकी घालून तुम्ही सकाळी निघताय, आई दारात उभी आहे, आणि दीड-दोन तासांत तुम्ही परत येताय, डबा न उघडता. काम नाही हे सांगायला माणसाला रोज दोन मैल चालवत न्यायचं, हा नियम ज्यानं केला त्याला एकदा त्या रांगेत उभं करायला हवं होतं.

गेटच्या समोर रस्त्यापलीकडे पत्र्याच्या चार-पाच दुकानांची ओळ होती. त्यात रत्नागिरीकडच्या एका माणसाचं हॉटेल. तुम्ही साताऱ्याकडून एकटे आलात तेव्हा पहिलं वर्षभर त्याच्याकडेच जेवलात. त्याच्या शेजारी पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पातला एक सिंधी म्हातारा, फळीवर कापडाचे तागे मांडून बसणारा. कारखाना मंदावला तसे हजेरी लावलेले लोक खाली मान घालून सरळ घरी जायला लागले. अर्ध्या पगारावरचा माणूस चहा पीत बसलेला कुणाला दिसला तर काय म्हणतील, ही लाज. चहाला पैसे नव्हते असं नाही, चहा पिताना दिसायचं नव्हतं. एक दिवस हॉटेलवाल्यानं तुम्हाला हाक मारली आणि सांगितलं की महिनाअखेर मी गाशा गुंडाळतो, गावी जातो. तुम्ही घरी येऊन ते आईला सांगितलंत तेव्हा मी चुलीपाशी पाढे लिहीत होते. आई म्हणाली, "आपलंच धड न्हाई, त्याचं काय घेऊन बसलाय?" तुम्ही म्हणालात, "कारखाना उघडंल तवा पोरं जेवणार कुठं? एकदा ही ओळ मोडली का परत उभी राहत न्हाई. आन् मुंबईचे ट्रकवाले बाकं भरलेली बघून थांबतात. मोकळ्या हॉटेलापुढं कोण गाडी उभी करील?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही हॉटेलवाल्याकडून एक जुना फळा मागून घेतलात आणि त्यावर पाळ्या लिहिल्यात. कामाच्या पाळ्या नव्हत्याच लिहायला, म्हणून जेवणाच्या. सोमवारी कोण, मंगळवारी कोण, सकाळच्या चहाला कोण. ज्याला झेपेल त्यानं आठवड्यातून एकदा, तेही घरी बांधून न्यायचं नाही. बाकावर बसून खायचं, रस्त्यावरून दिसेल असं. खाली एक ओळ कापडवाल्यासाठी, ज्याला काही घ्यायचंच असेल त्यानं पुण्याला न जाता त्याच्याकडून घ्यावं. तुमच्या शॉपमधला एक फिटर फळा वाचून म्हणाला, "काय राव, आता भजी खायला उशीर झाला तरी चार्जमन मेमो देणार का?" तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "गैरहजर राहिलास तर लिहीन." आणि खरंच लिहायचात. आलेल्याच्या नावापुढे हजर, न आलेल्याच्या पुढे गैरहजर, घरात आजारपण असेल तर रजा. अर्थशास्त्रावर बोलणारे पुष्कळ लोक मी नंतर ऐकले. खडूचा एक तुकडा घेऊन मंदीशी भांडायला उभा राहिलेला दुसरा कुणी मी पाहिला नाही.

आपल्या घराची पाळी रविवार दुपारची. आई तोवर आयुष्यात हॉटेलात बसली नव्हती. "माझ्या हातचं काय वंगाळ झालंय?" हा तिचा पहिला सवाल. तुम्ही म्हणालात, "खायला न्हाई चाललो, कामावर चाललोय. चल." "खायच्या कामावर लुगडं कंचं नेसत्यात?" ती म्हणाली, आणि ठेवणीतलं नेसून आली. मला अजून दिसतं, ती बाकाच्या टोकावर अंग चोरून बसली आहे, पाठ रस्त्याकडे. तुम्ही तिला हळूच म्हणताय, "तोंड हिकडं कर, ट्रकवाल्यांना दिसू दे." पुरी-भाजी येते, शिरा येतो. हॉटेलवाल्याची बायको पदराला हात पुसत बाहेर येऊन उभी राहते आणि विचारते, "कसं झालंय वहिनी?" आई तिच्याकडे बघून म्हणते, "खोबरं फार वतता तुमी लोक. पण बरं झालंय." दोघी हसतात. मग तुम्ही म्हाताऱ्याकडून आईसाठी हिरवा खण घेताय. तो मोजून वर चार बोटं जास्त कापतो, आणि तुम्ही ती परत करायला बघता तर त्याला राग येतो. त्या दुपारी दोन ट्रक थांबले. तुम्ही ते बोटानं मला दाखवलेत.

आता माझ्या शाळेचं. कारखान्यातल्या ज्या गोऱ्या इंजिनियर साहेबांच्या हाताखाली तुम्ही काम शिकलात, त्यांच्या बाईंनी चिठ्ठी दिली म्हणून मला पुण्याच्या कॉन्व्हेंटात जागा मिळाली. चिंचवडहून रोज गाडीनं जायचे. तुम्हाला बसवल्यावर शाळेनं माझी फी माफ केली, आणि ती माफी टिकली तरच माझी शाळा टिकणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अशा वेळी सिस्टरनं इंग्रजी निबंध दिला, 'माझा रविवार'. मी अगदी खरं खरं लिहिलं. पुरी-भाजी लिहिली, शिरा लिहिला, आईचा हिरवा खण लिहिला, लोक खाताना बघून ट्रक थांबतात तेही लिहिलं. फळ्याचं मात्र लिहिलं नाही, कारण 'पाळी लावून जेवणे' याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. सिस्टरनं निबंध वर्गात मोठ्यानं वाचला. मला वाटलं, चांगला झाला म्हणून. तास संपल्यावर तिनं तो मुख्य मदरकडे नेला आणि तिसऱ्या दिवशी तुम्हाला बोलावणं आलं.

सकाळच्या गाडीनं यायचं म्हणजे गेटवरची हजेरी चुकणार, म्हणजे त्या दिवसाचा अर्धा पगारही गेला. तरी तुम्ही आलात. इस्त्रीची खाकी, काळी टोपी, पायात पॉलिश केलेले बूट. मदरला मराठी येत नव्हतं, म्हणून तुमच्या दोघांच्या मधे मी उभी. टेबलावर माझा निबंध. मदर म्हणाली, "वडिलांना विचार, फी माफ करून घेणारा माणूस बायकोमुलांना हॉटेलात कसा नेतो? देणगी देणाऱ्यांना मी काय सांगू?" मी विचारलं. आप्पा, तुम्ही तेव्हा किती नीट बोललात. टोपी हातात घेऊन, घाई न करता. म्हणालात, "बाईसाहेबांना सांग, आमी चैन केली न्हाई. समद्यांनी एकदम हात आखडले तर ज्याच्याकडनं आपण घेतो तो बुडतो, मग तो ज्याच्याकडनं घेतो तो बुडतो, आन् ते फिरून आमच्याच गेटावर येतं. मी तीस मानसांच्या पाळ्या लावल्यात. आठवड्यातलं एक जेवण आमी ठरवून भाईर खातो आन् घरात एक वेळ कमी खातो. खोटं वाटत आसंल तर येऊन फळा बघा." तुमचं बोलणं संपेपर्यंत मदर पेनच्या टोपणाची उघडझाप करत होती. सिस्टर दारात उभी होती. मला तुमच्या 'आमी'ची लाज वाटत होती, 'न्हाई'ची लाज वाटत होती, घरात एक वेळ कमी खातो याची तर फारच. आणि शाळा जाईल याची भीती. मी इंग्रजीत एकच वाक्य बोलले. ते सॉरी म्हणतात, पुन्हा असं होणार नाही.

मदर म्हणाली, "एवढं म्हणायला त्यांना इतका वेळ लागला?" मी म्हणाले, "मराठी जरा लांबलचक भाषा आहे, मदर."

माफी कायम राहिली. मदरनं काटकसरीवर दोन शब्द सांगितले, ते मी तुम्हाला सांगितलेच नाहीत. तुम्ही टोपी घातलीत, "थँक यू, मदर" म्हणालात, आणि आपण बाहेर आलो. फाटकापाशी तुम्ही विचारलंत, "समदं सांगितलंस न्हवं?" मी म्हणाले, हो. तुम्ही म्हणालात, "बरं." ज्या बाईनं आयुष्यात एकदाही भाजी कशी घ्यायची याचा विचार केला नाही, तीन वेळा वाढून येणाऱ्या टेबलावर जिचा दिवस जातो, ती तुम्हाला जेवणावरून जाब विचारते, याचा संताप मला तेव्हा यायला हवा होता. तो पुष्कळ उशिरा आला, आणि आल्यापासून गेला नाही. पुढे मी एका कंपनीच्या ऑफिसात आयुष्यभर इंग्रजी नोटिसांचं मराठी केलं. कामगारांना घरी बसवण्याच्या नोटिसाही त्यात होत्या. साहेब म्हणायचे, या बाईंच्या भाषांतरात एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. होऊच देत नव्हते मी.

त्यानंतरच्या रविवारी आई लुगडं नेसून तयार झाली आणि मी म्हणाले, मला अभ्यास आहे. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि आईला घेऊन निघालात. सोमवारी गाडीला जाताना मी मुद्दाम गेटसमोरून गेले आणि फळा पाहिला. आपल्या घराच्या नावापुढे तुमच्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'दोन हजर, एक रजा'. घरात आजारपण नव्हतं, तरी गैरहजर लिहिलं नव्हतंत. त्या रजेवर मी पुढचे सगळे रविवार घरी काढले, कारखाना परत सुरू होईपर्यंत. हॉटेल तगलं. कापडवाला म्हातारा मात्र त्याआधीच तागे गुंडाळून मुलाकडे कल्याणला गेला होता. तुम्ही कितीतरी दिवस त्याच्या रिकाम्या फळीकडे बघत हजेरी लावलीत.

मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले की तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तुम्हाला कळलं नाही. पण गोऱ्या साहेबाच्या हाताखाली नऊ वर्षं काढलेल्या माणसाला सॉरी हा शब्द कळत नाही, हे माझं मलाच पटत नाही. तुम्ही घरी येऊन त्याची नक्कल करायचात, हातोडी कुणाच्या पायावर पडली की तो कसं सॉरी सॉरी करतो त्याची. फाटकापाशी तुम्ही विचारलंत ते उगाच नव्हतं. तुम्ही मला खरं बोलायची एक संधी दिली होतीत.

हे पत्र टेबलाच्या खणात जाईल, दुसरीकडे कुठे जायला त्याला जागा नाही. आता राहिलेलं सांगते. काल बाकावर त्या बाई बोलल्या तेव्हा त्यांनी शेवटी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "तुम्ही तर जुन्या काळातल्या, तुम्हाला पटतच असेल." सोसायटीतली सगळ्यात तिखट जीभ माझी आहे असं सगळे म्हणतात. तुमचं सगळं बोलणं मला पाठ होतं, या वेळी भाषांतर करायचीही गरज नव्हती. तळमजल्यावरची ती मुलगी नवा फ्रॉक घालून समोरच खेळत होती. मी मान हलवली, आप्पा. होय म्हणून. फळ्यावर या वेळी रजा लिहू नका.