जाड मुठीचं लाटणं

आबा, तिसरं लाटणंही वाया गेलं, तडकलं. निवृत्तीनंतर हौस म्हणून विंझरच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये मी लाकूड कातायचा छोटा लेथ बसवलाय. चूक कळलीय: बांधावरच्या शिसवीची ओली फांदी, आणि मधला गाभा तसाच ठेवून कातलेली. आधीच्या लाटण्यावर चरे उठले होते, कारण पटाशी बोथट होती आणि धार लावायचा कंटाळा करून मी नुसता जोर लावत होतो. भोरच्या आपल्या दुकानात एकदा पलंगाचा पाय माझ्या हातून निसटून भिंतीवर आदळला. तुम्ही चहाचा कप खाली न ठेवता म्हणालात, "हत्यार टेकायची पट्टी लांब ऱ्हायलीय. लाकूड मगाधरनं वरडतंय, तुला ऐकू येत न्हाई व्हय?" तुमचं कौतुक कधी वाट्याला आलं नाही, पण ओरडा नेमका असायचा. पट्टी आता मी बोटभर अंतरावर ठेवतो.

हा सगळा खटाटोप तुमच्या सुनेसाठी आहे. यंदा तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजव्या हाताची गेलेली पकड हळूहळू येतेय. जीभही सुधारली, असं डॉक्टर म्हणतात, पण हिनं आपणहून बोलणंच सोडलंय. मानेनं हो, मानेनं नाही. जिच्यापुढं माझी कधी डाळ शिजली नाही, तिच्यासमोर हल्ली मी एकटाच बडबडत असतो. घर खायला उठतं, आबा. ही अशीच गप्प राहील, याची मला भीती वाटते.

हाताला व्यायाम म्हणून डॉक्टरांनी चपात्या लाटायला सांगितल्या, म्हणून जाड मुठीचं लाटणं करायला घेतलं. पहिलं तिच्या हातात दिलं. तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि जड जिभेनं म्हणाली, "अवं, ह्ये लाटणं हाय का मुसळ?" अख्खं वाक्य! मी शेडमध्ये जाऊन उगीच भुसा झाडत बसलो, डोळे कोरडे होईपर्यंत. दुसऱ्या लाटण्यावर, "हितं टोचतंय. दिसत न्हाई व्हय?" तडकलेलं पाहिल्यावर तर तुमचाही उद्धार झाला: "मामंजींनी शिकवलं तरी काय तुमास्नी?" त्या दिवशी जेवतानासुद्धा ती बोलत होती. भाजीत मीठ कमी, म्हणाली. भाजी मीच केली होती.

काल मात्र जमलं. वाळलेलं लाकूड, धारेची पटाशी, मूठ तिच्या मुठीच्या मापाची. तुम्हालाही नाव ठेवायला जागा मिळाली नसती, मग तिला कुठून मिळणार? रात्रभर ते उशाशी होतं आणि मला काही केल्या आनंद होईना.

हा कागद शेडमध्येच राहील, म्हणून सांगतो. सकाळी ते लाटणं पुन्हा लेथवर चढवलं आणि मुठीवर मुद्दाम एक खाच पाडली, बोटाला लागणार नाही पण कळेल एवढीच. आता ते घेऊन स्वयंपाकघरात निघालोय.