मानाच्या भाऊजींना शून्य कसे द्यावे?

तीर्थस्वरूप देवराव भाऊजी यांच्या चरणी पोंभुर्ण्याहून प्रफुलचा नमस्कार.

ताईचा गुडघा आता बरा असावा. कपाशीवरची बोंडअळीही आटोक्यात आली असेल, अशी आशा करतो. (आपल्या रागाविषयी तशी आशा करण्याचे धैर्य अजून झालेले नाही.)

माझ्या दिव्यानीच्या लग्नात एक कोडे आपल्याही ध्यानात आले असेलच. जो माणूस पहिल्या रांगेत, पहिल्या खुर्चीवर, सर्वांना दिसेल असा बसलेला आहे, त्याचेच नाव मानाची दुपट्टा-टोपी देताना माईकवरून का पुकारले जाऊ नये? आपण दोनदा अर्धे उठलात आणि पुन्हा बसलात, हे मी मांडवातून पाहत होतो. नंतर आपण, "आमचं नाव नाई, त आमचं काम नाई," एवढेच बोलून, न जेवता वरोऱ्याची बस धरलीत. माईकवरच्या जंगूला मी फैलावर घेतले, तर तो म्हणाला, "मले जे छापून देलं तेच वाचलं ना जी." त्याचा दोष नाही. दोष जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेचा आहे, किंवा माझ्या संस्काराचा; नेमका कोणाचा, याविषयी मी अद्याप गोंधळलेलो आहे.

कृपया शांतपणे वाचावे. मानकऱ्यांची नावे क्रमाने छापावीत म्हणून मी संगणकाला एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. त्या भाषेत नावे ठेवण्याचे दोन प्रकार आहेत. ॲरे म्हणजे खुर्च्यांची रांग: प्रत्येकाची ओळख क्रमांकाने. ऑब्जेक्ट म्हणजे घरची माणसे: प्रत्येकाची ओळख नावाने. इथवर सर्व स्वच्छ आहे. परंतु त्या भाषेला विचारले, की बाई, हा ॲरे कोण? तर ती उत्तर देते, ऑब्जेक्ट! (मी तीन वेळा विचारले. माणसाने तीनदा विचारल्यावर उत्तर बदलले असते.) अर्थात प्रत्येक जावई पाहुणा असतो, पण प्रत्येक पाहुणा जावई नसतो, तसे हे नाते आहे. ॲरे हाही मुळात ऑब्जेक्टच. फक्त तो क्रमांकांनाही नावेच मानतो आणि आपली लांबी, म्हणजे रांगेत किती जण ते, त्या क्रमांकांवरूनच सांगतो.

आता माझी अडचण समजून घ्यावी. पहिला मान आपला. परंतु या रांगेत पहिल्या खुर्चीचा क्रमांक एक नसून शून्य असतो! थोरल्या बहिणीच्या यजमानांपुढे शून्य लिहायला माझा हात धजेना. तेव्हा मी आपणांस क्रमांकाऐवजी नावानेच त्या ॲरेत बसवले. ॲरे मुळात ऑब्जेक्ट असल्यामुळे त्याने कुरकूर न करता आपणांस ठेवूनही घेतले. रिकामे राहिलेले शून्य मी राजदीपला, म्हणजे माझ्या बायकोच्या भावाला, दिले, त्याला चालते. पुढे छपाई शून्यापासून लांबीपर्यंत क्रमांकाक्रमांकाने झाली. नावाने बसलेला माणूस लांबीत धरलाच जात नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. परिणामी राजदीपचे नाव सर्वांत आधी पुकारले गेले आणि आपले अजिबात नाही. भाऊजी, मांडवातील सर्वाधिक आदर वगळण्यातच खर्च झाला.

आपला दुपट्टा घडी न मोडता ठेवला आहे.

आपला,
प्रफुल

ता.क. रविवारी मांडवपरतणीला दिव्यानी सासरहून येते आहे. तिची ओटी ताईनेच भरायची आहे, आणि ताई म्हणते, "हे येतीन, त मी येईन." म्हणून हे पत्र. वरील सर्व प्रस्तावना समजावी.

ता.ता.क. या वेळी कोणाचाही अवमान नको म्हणून मी सर्वच पाहुण्यांना नावाने बसवले. संगणकाने आचाऱ्याला जेवणाऱ्यांची पाने कळवली: शून्य. आचारी पत्रू मघाशी दारात येऊन विचारून गेला, "गुरुजी, शून्याले मीठ किती टाकू जी?" तरी आपण उपाशी राहणार नाही, याची हमी मी देतो; संगणक देत नाही.

आणखी एक. माझ्यावर विश्वास नसेल, तर आपल्या खुशबूच्या लॅपटॉपवर एक रिकामा ॲरे करायला सांगा. त्यात स्वतःला क्रमांकाने नव्हे, नावाने बसवा आणि त्याची लांबी विचारा. मग त्यालाच नावाने स्वतःविषयी विचारा. आपण तिथेच बसलेले सापडाल. लांबी एक आली, तर मी वरोऱ्याला येऊन पाय धरीन. शून्य आली, तर रविवारी आपण इकडे यावे.